ऐंशी मेंढरांनी तुडवलेलं घर

शेळगाव फाट्यावरच्या बिरदेव इंजिनवाल्यानं बायकोला माहेरी हाकललं आणि घरात ऐंशी मेंढरं आणून ठेवली, अशी बातमी १९९५ च्या मे महिन्यात इंदापूरपासून बारामतीपर्यंत फिरली. काही ठिकाणी ऐंशीची दीडशे झाली. एका ठिकाणी तर बिरदेव घोंगडी खांद्यावर टाकून मेंढरांमागं कोकणात निघून गेला. हे शेवटचं मला ज्यानं सांगितलं तो माझ्याच दुकानात, माझ्याच बाकावर बसला होता.

आता लपवून उपयोग नाही म्हणून खरं सांगतो. बिरदेवनं बायकोला हाकललं नव्हतं. सारजा स्वतःची पिशवी स्वतः भरून, पोरीचं बोट धरून, सकाळच्या एसटीनं गेली होती. मेंढरं ऐंशीच होती आणि ती राहायला नव्हे, कामाला आली होती. कोकणाचं तेवढं मी जोडलं होतं. मेंढरं त्या दिवसांत कोकणातून परत येत असतात, तिकडं जात नसतात, हे जोडताना माझ्या ध्यानात राहिलं नाही. ऐकणाऱ्यांच्याही राहिलं नाही, म्हणून निभावलं.

माझं शिलाईचं दुकान बिरदेवच्या शेडाच्या बरोबर समोर, मधे फक्त रस्ता. मशीनवर बसलं की त्याचं दार दिसतं. डोळे मिटून मला शिवता येत नाही, त्याला माझा इलाज नाही.

बिरदेवला एका जागी बसलेलं मी क्वचितच पाहिलं. चहा उभ्यानं, जेवण उकिडवं, आणि केस कापायला गेला तर न्हाव्यालाच त्याच्याभोवती पळावं लागायचं. माझ्या दुकानात आला की बाकावर बसण्याऐवजी तो टेप उचलायचा, कात्री उचलायचा, बटणांचा डबा हलवून बघायचा आणि मी काही विचारेपर्यंत रस्ता ओलांडून परत गेलेला असायचा. त्याची आई कुशाबाई. तिला मी एकदा विचारलं, हा जन्मला कुठं? तिनं मावळतीकडं हात केला. "तिकडं. घाटाच्या वर का खाली ते ध्यानात न्हाय. दुसऱ्या दिशी म्होरं निघालो."

तर असा रस्त्यावर जन्मलेला गडी. घरची मेंढरं होती तोवर दिवाळीनंतर कोकण आणि पावसाच्या तोंडावर परत देश, हेच त्याचं वर्ष. चौदाव्या वर्षी त्यांचा मुक्काम शेळगावच्या एका रानात पडला. शेजारच्या विहिरीवर ऑइल इंजिन चालू होतं. पोरगं आवाजामागं गेलं आणि संध्याकाळपर्यंत इंजिनापाशी उभं राहिलं. आपलं पोरगं दिवसभर एका जागी उभं आहे, हे बघून कुशाबाई घाबरली म्हणतात. त्याला बाहेरचं काही लागलं, असंच तिला वाटलं. पुढं फाट्यावरच्या रामहरी मिस्त्रींनी त्याला इंजिन दुरुस्तीच्या कामाला घेतलं. तेव्हापासून बिघडलेल्या इंजिनाला कान लावला की बिरदेव दगडासारखा स्थिर. इंजिन चालू झालं की हा परत भिरभिर.

त्याच्या या भिरभिरीचा त्रास रामहरी मिस्त्रींना झाला नाही, सारजाला झाला. लग्नाला नऊ वर्षं झाली तोवर तिच्या सात खोल्या झाल्या होत्या. पहिली बारामतीत मार्केट यार्डाच्या मागं, तिथं हमालांचा आवाज फार. दुसरी इंदापुरात, तिथं आवाजच नाही म्हणून ह्याला झोप येईना. तिसऱ्या खोलीच्या दारातलं झाड चुकीच्या बाजूला सावली पाडायचं. पुढच्या खोल्यांना तर कारणसुद्धा नव्हतं. कामावरून यायचा, दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "सारजे, हितं गुदमरल्यावानी व्हतंय." की निघाले. प्रत्येक खोलीत सारजा मातीची चूल घालायची, पोटच्या पोरासारखी लिंपायची, आणि निघताना तिथंच टाकून यायची. मातीची चूल कुठं बरोबर नेता येते?

मग विजेच्या मोटारी आल्या, इंजिनं भंगारात निघाली. रामहरी मिस्त्री थकले, बारामतीला लेकाकडं गेले आणि जाताना शेड बिरदेवच्या नावावर करून गेले. तीस हात लांब, वीस हात रुंद, वर पत्रा, पुढं ट्रॅक्टर आत जाईल एवढं दार. बिरदेवच्या डोक्यात आलं, इथंच राहायचं.

सारजा शेड बघायला आली तेव्हा मी गळ्याची पट्टी उसवत होतो. ती नाकाला पदर लावून आत गेली, चारी कोपरे फिरली आणि बाहेर येऊन कुशाबाईच्या समोर, माझ्यासमोर, त्याला म्हणाली, "आठवी चूल हाय ही. हिच्यानंतर मी चूल घालायची न्हाय. हितल्या जमिनीला सारवण धरलं, चूल रोवली, तर प्रतिक्षाचं नाव जूनमध्ये शेळगावच्या शाळंत. न्हायतर बारामतीला माझ्या भावाकडं ऱ्हाईल ती, आन् तिच्यासंगं मी. मग तुमी फिरा कुठं फिरायचं ते."

"धरंल की," बिरदेव म्हणाला. पण म्हणताना तो दाराची कडी वर-खाली करत होता.

जाता जाता ती माझ्याकडं वळली. "भावजी, पोरीचं माप तेवढं घिऊन ठिवा. कापड मागनं आणते. कुठल्या शाळंचं ते ठरलं की."

शेळगावच्या शाळेला निळा परकर आणि पांढरा शर्ट. तिचा भाऊ पोरीला घालणार होता त्या बारामतीच्या शाळेला मरून रंगाचा. मी माप वहीत लिहिलं आणि कापडाची जागा मोकळी सोडली.

मार्चपासून सगळं घर कामाला लागलं. सारजा भिंतींवरचे काळे पंजे खरवडायची, कुशाबाई चुना मळायची, माझी बायको विजयमाला दुपारी मदतीच्या नावाखाली जाऊन माझ्यासाठी बातम्या आणायची. बिरदेवनं ट्रॅक्टरचं दार विटांनी बुजवून माणसाचं दार केलं, खिडक्या पाडल्या, ओटा घातला. पण मापं सगळी त्याच्या अंगात बसलेली. ओटा त्यानं कामाच्या बाकाच्या उंचीचा केला, त्यामुळं सारजाला भाकरी थापायला पायाखाली वीट घ्यावी लागली. खिडकी पाडली ती पान्यांचे खिळे होते तिथं. कुशाबाई खिडकीतून बाहेर बघायला गेली तर तिला फक्त आभाळ दिसलं.

"बिरद्या," ती म्हणाली, "ह्या घरात सून नांदायची हाय का इंजान?"

वरच्या लोखंडी तुळईला इंजिन उचलायची साखळी होती, ती मात्र कुणी काढू दिली नाही. तिला पोरीचा झोका बांधला.

मग एप्रिल सरताना जमिनीची वेळ आली. सासू-सुनांनी शेण कालवलं, पिवळी माती घातली, आणि मागच्या भिंतीपासून दारापर्यंत अशी सुरेख सारवली की माझ्यासारख्यालासुद्धा चप्पल काढून उभं राहावंसं वाटलं. सकाळी बघतात तर सारवणाचे पापड होऊन उलटे वळलेले. खालची जमीन काळी, तुकतुकीत. वीस वर्षं त्या मातीनं डिझेल प्यालं होतं, काळं ऑइल प्यालं होतं. तिला आता शेण कशाला चालतंय?

दुसऱ्यांदा राख घालून सारवलं, ते दोन दिवसांनी सुटलं. तिसऱ्यांदा पोयटा आणला. गवंड्याला विचारलं तर तो म्हणाला, वर काहीही घाला, शहाबादी फरशी टाकली तरी खालनं तेल वर येणार. भाकरीला वास, पाण्याला वास. प्रतिक्षा रांगोळी काढायला बसली तर रांगोळी ओली होऊन पसरायची. सारजा मात्र काही बोलत नव्हती आणि तिच्या न बोलण्यानं बिरदेव जास्तच फिरायला लागला. दिवसातून दहा वेळा माझ्या दुकानात.

"मोहनराव, काय करावं?"

"फडतूस ठिकाणी जीव लावलास. सोडून दे, नववी खोली बघ," मी म्हणालो. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. माझ्या हातातली सुई काढून घेऊन त्यानं दोरा ओवला, परत दिली आणि गेला.

तिसरं सारवण कसंबसं चार दिवस टिकलं तेव्हा कुशाबाईनं चूल घालायला लावली. नव्या चुलीवर दूध उतू घालायचं, मग घर लागलं असं धरायचं. आम्ही सगळे जमलो. दूध चढायला लागलं. आणि दूध उतू जायच्या आधीच चूल हलली. खालचं सारवण सुटलं आणि अख्खी चूल, पातेल्यासकट, उताराला वीतभर घसरली. पातेलं कलंडलं, दूध ओहोळासारखं दाराकडं निघालं.

सारजानं पदरानं हात पुसले. "बघा," ती म्हणाली, "चुलीला बी तुमचा गुण लागला."

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी.

मला वाटलं, आता बिरदेव कुलूप घालणार. विजयमालाला वाटलं, मागोमाग बारामतीला जाणार. बिरदेवनं तिसरंच केलं. त्यानं कुदळ आणली आणि घरातली जमीन खणायला सुरुवात केली. सकाळी सहाला पहिला घाव ऐकू यायचा, दिवे लागेपर्यंत थांबायचा नाही. कुशाबाई पाट्या भरून बाहेर टाकायची. काळ्या मातीचा ढीग माझ्या दुकानाएवढा झाला. त्यातून नटं निघाली, वायसरी निघाल्या, पिस्टनच्या रिंगा निघाल्या. एक दिवस एक पाना निघाला, सोळा वर्षांपूर्वी हरवलेला, ज्याच्यापायी रामहरी मिस्त्रींनी त्याला आठ दिवस चोर म्हटलं होतं. तो पाना घेऊन तो धावत माझ्याकडं आला. "मोहनराव, म्या घेतला नव्हता."

"मला माहीत होतं," मी म्हणालो. मला काहीही माहीत नव्हतं. उलट त्या काळात मीच चारचौघांत...असो.

मांडीएवढं खोल गेल्यावर माती पिवळी लागली. त्यानं ती मुठीत घेऊन हुंगली, आईला हुंगायला दिली, मला हुंगायला दिली. तेलाचा वास नव्हता. मग ट्रॅक्टरनं मुरूम आणून दारात ओतला आणि मायलेकांनी पाट्यांनी तो आत भरला.

पण भरलेला मुरूम म्हणजे भुसभुशीत ढीग. पाय टाकला की घोटा आत. धुम्मस घेऊन बिरदेव दिवसभर ठोकत राहिला. धपधप आवाजानं माझ्या मशीनचा टाका चुकायला लागला. एका टोकाला ठोकून दुसऱ्या टोकाला गेला की पहिलं परत टाचेखाली दबायचं. गवंडी म्हणाला, एक पावसाळा जाऊ द्या, आपोआप दबेल. रस्त्याच्या कामावरचा रोलर मागावा तर दारातून कसा जाणार? दार ह्यानंच बुजवलेलं. आणि पावसाळा जायला चार महिने. शाळा जूनच्या मध्यावर. बारामतीहून निरोप आलेला की सोमवारी पोरीचं नाव घालतो.

तो निरोप आला त्या गुरुवारी बिरदेवनं धुम्मस टाकला आणि रस्त्याच्या कडेनं नुसता चालत सुटला. कालव्यापर्यंत गेला, परत आला, परत गेला. चौथ्या फेरीला कालव्याकडून मेंढरांचा आवाज आला. त्याचा चुलता, दादासो तात्या, कळप घेऊन कोकणातून परतत होता.

तात्यानं दारातून आत डोकावून पाहिलं. "ही काय विहीर खणून परत बुजवलीस व्हय रं?"

बिरदेवनं सगळं सांगितलं. तात्या पागोट्यात बोट घालून डोकं खाजवत राहिला. तोंड उघडलं ते कुशाबाईनं. दगडावर बसून ती मेंढरांचे पाय बघत होती.

"भावजी, आपला वाडा जितं आठ दिस पडतो तितं मागनं नांगर चालत न्हाय, व्हय का न्हाय?"

"न्हाय चालत. शेतकरी शिव्या देतो."

"मग घाला की आत मेंढरं."

मेंढपाळांचा मुक्काम म्हणजे वाडा. जन्मभर वाड्याबरोबर चाललेल्या बाईला रोलर माहीत नव्हता, पण कशानं जमीन चेपते ते माहीत होतं. मुरमावर पाणी मारलं आणि कळप दाराशी आणला. पुढचा एडका दारात थबकला. त्याला अजून तेलाचा वास येत असावा. तो हलेना म्हणून मागची एकोणऐंशी हलेनात, आणि दोन्ही बाजूंना ट्रक उभे राहिले. शेवटी बिरदेवनं एडका उचलून खांद्यावर घेतला आणि आत नेऊन उतरवला. मग सगळी घुसली, मोट फुटल्यासारखी.

आतमधे बिरदेव मधोमध उभा. मेंढरं त्याच्याभोवती गोल गोल, आणि तो त्यांच्याबरोबर गोल गोल. कडेला मुरूम ढिला दिसला की तिकडं हाकायचा, कोपऱ्यात चार फेऱ्या जास्त. दुपारी चरायला सोडायची, लेंड्या झाडायच्या, पाणी मारायचं, परत आत. चार चार खुरांची ऐंशी मेंढरं. माझ्या दुकानातून ऐकू यायचं, जणू आत कुणी न थांबता तांदूळ निवडतंय. आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसाची भिरभिर कुणाच्या तरी कामाला आली होती.

आणि नेमका शुक्रवारी बारामती गाडीचा कंडक्टर माझ्याकडं सदरा न्यायला आला. समोर बघून म्हणाला, हे काय? आता माझ्यासारख्या माणसाला कुणी "हे काय" विचारलं तर मी थोडक्यात कसं सांगणार? मी म्हणालो, घर मेंढरांना दिलं, आता तोही चालला त्यांच्याबरोबर कोकणात. कंडक्टर हसत गेला. मी ते विसरूनही गेलो.

शनिवारी दुपारच्या गाडीनं सारजा उतरली. एका हाताला प्रतिक्षा, दुसऱ्या हातात पिशवी. ती आधी घराकडं न जाता माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"गेले का ते?"

"कोण?"

"तुमीच सांगितलं न्हवं कंडक्टरला?"

मला एकाएकी सुईत दोरा ओवायचा होता. ओवलेलाच होता, तरी मी परत ओवला. तेवढ्यात समोरच्या दारातून बिरदेवचा आवाज आला, मेंढरांना हाकणारा, घोगरा, तीन दिवस ओरडून बसलेला. सारजा वळली. तिचे खांदे खाली आले ते मी पाठीमागूनही पाहिलं.

ती दारात गेली. मेंढरं थांबली. बिरदेव कमरेपर्यंत धुळीनं माखलेला, हातात काठी. सारजानं चपला काढल्या, आत गेली आणि उजवी टाच जमिनीवर रोवून गर्रकन फिरवली. वाकून बघितलं. मग दुसऱ्या कोपऱ्यात. मग चूल घसरली होती तिथं.

"हितं अजून दबतंय," ती म्हणाली. "पाणी कुणी मारलं? निम्म्यात सोडलंय." आणि पदर खोचून बादली उचलली.

रविवारी संध्याकाळी मेंढरं बाहेर काढली. सोमवारी, ज्या दिवशी बारामतीत पोरीचं नाव घालायचं होतं, त्या दिवशी सासू-सुना शेणात हात घालून बसल्या होत्या. मंगळवारी पहाटे मी चहा न घेता रस्ता ओलांडला. सारजा उकिडवी बसून नखानं सारवण खरवडून बघत होती. नखाला शेण लागत होतं, पण पापड सुटत नव्हता. बुधवारीही नाही. गुरुवारी चुलीसाठी बिरदेवनं पहार मारली, तर ती खणकन वाजली आणि त्याच्या हाताला झिणझिण्या आल्या. चूल वीतभर खोल रोवली. दूध चढलं, उतू गेलं, चुलीच्या अंगावरून खाली आलं. चूल जागेवर.

शुक्रवारी सकाळी तात्यानं कळप हलवला. बिरदेव त्याला पोचवायला म्हणून निघाला. एडक्याच्या मानेवर हात ठेवून तो कालव्याच्या वळणापर्यंत दिसला, मग दिसेना. आठ वाजले, नऊ वाजले. सारजा दोनदा दारात आली. दहा वाजता ती माझ्या बाकावर येऊन बसली, मांडीवर पिशवी.

"पोरीचं कापड आणलंय व्हय?" मी म्हणालो. "कुठल्या शाळंचं?"

"ते आल्यावर दावते."

पिशवीची गाठ तिनं घट्ट धरून ठेवली होती. अकरा वाजले. मी एकदाही चेष्टा केली नाही, हे माझ्या बायकोलाही खोटं वाटतं. कालव्याकडच्या रस्त्यावर धूळसुद्धा उडत नव्हती.

साडेअकराला बिरदेव आला तो उलट्या बाजूनं, गावातून. घामानं निथळत. खिशातून त्यानं घडी घातलेला कागद काढला आणि सारजापुढं धरला. "हेडमास्तर घरी न्हवतं. रानात गाठलं. तितंच लिहून घेतलं त्यांनी. शेळगाव. पहिली."

सारजानं कागद वाचला. मग पिशवीची गाठ सोडली. आत निळं कापड होतं. शनिवारी बारामतीहून निघतानाच घेतलेलं.

मी टेप उचलला. आता मात्र माझ्यानं राहवेना. "बिरदेव," मी म्हणालो, "चूल रोवली, पोरीचं नाव लागलं. दिवाळी आली की परत गुदमरायला लागणार नाहीस ना? का मी आत्ताच कंडक्टरला सांगून ठेवू?"

तो माझ्या बटणांचा डबा हलवत होता. डबा खाली ठेवून तो म्हणाला, "मोहनराव, तुमी वीस वर्सं ह्या एका मशीनवर हाय, आन् तुमचं बोलणं रोज बारामतीला जाऊन येतंय. आदी त्याला दावं लावा, मग माझ्याकडं बघा."